कॅसिनो बोनस घेतल्यावर खातं अडकू नये म्हणून: काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

बोनस म्हणजे तुम्ही पैसे भरल्यावर कॅसिनो वरून देतो ती खेळायची रक्कम. बोनस घेतलेलं खातं अडकल्याचं कळतं ते पैसे काढायच्या दिवशी. चूक मात्र बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी होऊन गेलेली असते. पैसे भरले, बोनस आला, खेळलो, जिंकलो, काढायला गेलो, मग कागदपत्रं मागितली, मग उत्तर आलं की अमुक कलमानुसार जिंकलेली रक्कम रद्द, आणि त्यानंतर ते कलम पहिल्यांदा वाचलं. अशा तक्रारी मी खूप वाचल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी लबाडी केलेली नसते. त्यांचा क्रम उलटा झालेला असतो.

म्हणून इथं सगळा भर क्रमावर आहे. आधी कायदा आणि परवाना, मग अटी, मग हिशेब, मग कागदपत्रं, आणि पैसे त्यानंतर. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. पैसे भरण्याआधीच्या कोणत्याही टप्प्यावर अडलात तर तिथंच थांबलेलं बरं, कारण तोवर तुमचा एकही पैसा गेलेला नसतो.

## टप्पा 1: तुम्हाला इथं खेळायची मुभा आहे का?

कॅसिनोची साइट उघडते, नोंदणी होते, पैसेही स्वीकारले जातात, म्हणजे खेळायला परवानगी आहे असं लोक धरून चालतात. तसं नसतं. साइट उघडणं आणि तिथं खेळणं कायदेशीर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी घातली आहे. तुम्ही भारतात असाल तर हा लेख इथंच सोडून द्या. पुढचं सगळं, जिथं ऑनलाइन कॅसिनोला रीतसर परवाने मिळतात तिथं राहणाऱ्यांसाठी आहे.

तिथंही तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, परवाना. साइटच्या तळाशी परवाना क्रमांक आणि कंपनीचं नाव असतं. तिथल्या चिन्हावर क्लिक करून समाधान मानू नका, ते चिन्ह कुणालाही चिकटवता येतं. नियामक संस्थेची वेबसाइट स्वतः उघडा आणि तिच्या जाहीर नोंदवहीत कंपनीचं नाव आणि साइटचा पत्ता दोन्ही जुळतात का ते बघा. ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशन आणि माल्टामध्ये माल्टा गेमिंग ऑथॉरिटी अशी नोंदवही ठेवतात.

दुसरी, वगळलेल्या देशांची यादी. ही यादी बहुतेकदा दोन ठिकाणी असते. एक सर्वसाधारण अटींमध्ये, म्हणजे कुठल्या देशातून खातंच उघडता येत नाही ते. दुसरी बोनसच्या अटींमध्ये, म्हणजे खातं चालेल पण बोनस मिळणार नाही असे देश. दुसऱ्या यादीकडे फार कुणी बघत नाही.

तिसरी, वय आणि तुमचा स्वतःचा पूर्वीचा निर्णय. बऱ्याच देशांत वयाची अट 18 ची आहे. अमेरिकेत ऑनलाइन कॅसिनोला परवानगी असलेल्या बहुतेक राज्यांत ती 21 ची आहे. आणि तुम्ही ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपाउस किंवा जर्मनीत ओआसिस यांवर स्वतःला जुगारापासून दूर ठेवण्यासाठी नाव नोंदवलं असेल, तर नावाचं स्पेलिंग बदलून खातं उघडू नका. तो निर्णय तुम्ही विचार करून घेतला होता. शिवाय असं खातं उघडकीला आलं की ते बंदच होतं.

सावधान: व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातले असल्याचं दाखवणं हे खातं कायमचं बंद होण्याचं अगदी हमखास कारण आहे. पैसे भरताना कुणी अडवत नाही. पैसे काढताना पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तो खऱ्या देशाचा असतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा फोनच्या सुरक्षा अॅपमध्ये व्हीपीएन आपोआप सुरू होत असेल तर तेही आधी बंद करा, हेतू साफ असला तरी.

## टप्पा 2: अटी वाचा, आणि वाचलेल्या अटी जपून ठेवा

अटी तीन जागी असतात. सर्वसाधारण अटी, बोनसच्या अटी, आणि तुम्ही घेणार आहात त्या विशिष्ट ऑफरच्या अटी. तिसऱ्या अटी ऑफरच्या चित्राखाली बारीक अक्षरात असतात किंवा आणखी एका क्लिकमागे. जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवा आणि एका कागदावर या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा:

- किमान किती भरायचे, आणि कोणत्या माध्यमानं भरले तर बोनस मिळत नाही?
- बोनस आपोआप येतो, की टिक करावी लागते, की कोड टाकावा लागतो?
- वेजरिंग (पैसे काढता येण्याआधी एकूण किती रक्कम खेळात लावायची ती अट) किती पट, आणि ती पट कशावर धरली आहे?
- कोणता खेळ त्यात किती टक्के मोजला जातो, आणि कोणते खेळ पूर्ण वगळलेले आहेत?
- बोनस चालू असताना एका बेटची, म्हणजे एका वेळी लावायच्या पैजेची, कमाल रक्कम किती?
- मुदत किती, आणि ती कधीपासून मोजायची?
- जिंकलेल्यातलं जास्तीत जास्त किती काढता येतं?
- आधी माझे पैसे खर्च होतात की बोनसचे?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबा. काही ठिकाणी आधी तुमची खरी रक्कम वापरली जाते आणि ती संपल्यावर बोनसची. अशा वेळी सुरुवातीलाच जिंकलात तर बोनस सोडून देऊन खरी शिल्लक काढता येते. काही ठिकाणी दोन्ही रकमा पहिल्या मिनिटापासून एकत्र अडकतात आणि वेजरिंग पूर्ण होईपर्यंत तुमचे स्वतःचे पैसेसुद्धा हलत नाहीत. जाहिरात दोन्हीकडे एकसारखीच दिसते, पण अडचणीच्या वेळी या एका फरकावर बरंच काही ठरतं.

आणखी एक प्रकार असा की बोनसची रक्कम खेळायला असते, काढायला कधीच नसते. वेजरिंग पूर्ण केली तरी पैसे काढताना ती रक्कम वजा होते. शिल्लक 250 दिसत होती आणि हातात 150 आले, अशी तक्रार असली की कारण बहुधा हेच निघतं.

वाचून झालं की तिन्ही पानं पीडीएफ म्हणून जतन करा किंवा तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. अटी बदलतात. तुम्ही बोनस घेतला त्या दिवशी काय लिहिलं होतं याचा पुरावा तुमच्याकडे हवा, कारण महिनाभरानं तेच पान उघडलं तर त्यावर वेगळा मजकूर असू शकतो. एखादं वाक्य कळलं नाही तर लाइव्ह चॅटवर विचारा आणि तो संवादही जपा. मात्र चॅटवरचा माणूस एक सांगतोय आणि लिखित अट दुसरंच सांगतेय असं झालं, तर लिखित अट खरी धरून चाला.

पुढे जाण्याआधी: आठही उत्तरं कागदावर आली का? एकही रिकामं असेल तर पैसे भरायची वेळ झालेली नाही.

## टप्पा 3: बोनस घ्यायचा की नाही, याचा हिशेब

हा टप्पा लोक सरसकट गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

चलन कुठलंही असो, आकडा 100 धरू. तुम्ही 100 भरले, 100 टक्के बोनस म्हणून आणखी 100 मिळाले. अट आहे 35 पट वेजरिंगची. ही पट फक्त बोनसवर असेल तर तुम्हाला एकूण 100 × 35 = 3,500 च्या बेट लावायच्या आहेत. पण ती बोनस आणि भरलेली रक्कम मिळून असेल तर 200 × 35 = 7,000. दोन्हीकडे जाहिरातीत 35 पटच लिहिलेलं असतं.

आता खर्च बघा. स्लॉटचा (चित्रांची चक्रं फिरवायच्या खेळाचा) परतावा 96 टक्के असेल तर लावलेल्या प्रत्येक 100 मागे सरासरी 4 कॅसिनोकडे जातात. 3,500 च्या बेटवर सरासरी तोटा 140 आणि 7,000 वर 280. मिळालेला बोनस 100. म्हणजे पहिल्या अटीतच बोनसपेक्षा वेजरिंगचा सरासरी खर्च जास्त आहे आणि दुसऱ्या अटीत जवळजवळ तिप्पट. ही सरासरी आहे. एखाद्याची शिल्लक मध्येच वाढेल, बऱ्याच जणांची वेजरिंग संपण्याआधीच शून्यावर येईल.

हाच बोनस 10 पटीचा असता तर 1,000 च्या बेट आणि सरासरी तोटा 40. पट किती याला एवढं महत्त्व का, ते यावरून दिसेल. ब्रिटनमध्ये 19 जानेवारी 2026 पासून वेजरिंगची कमाल मर्यादा 10 पट केली आहे. स्वीडनमध्ये 2019 पासून परवानाधारक कंपनीला ग्राहकाला बोनस फक्त पहिल्यांदा खेळताना देता येतो. तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल आणि एखादी साइट तुम्हाला 40 पटीची ऑफर देत असेल, किंवा स्वीडनमध्ये राहत असाल आणि ती दर आठवड्याला नवा बोनस देत असेल, तर तिच्याकडे तिथला परवाना नाही असं समजा आणि पहिल्या टप्प्यावर परत जा.

खेळाची टक्केवारी हा दुसरा खड्डा. ब्लॅकजॅक (पत्त्यांचा खेळ) किंवा रूलेट (आकड्यांच्या फिरत्या चक्राचा खेळ) 10 टक्के मोजलं जातं असं लिहिलं असेल, तर तिथं लावलेल्या 10 मधला 1 च वेजरिंगमध्ये जमा होतो. 3,500 पूर्ण करायला 35,000 च्या बेट लागतील. एक शून्य असलेल्या रूलेटमध्ये कॅसिनोचा वाटा 2.7 टक्के असतो, स्लॉटपेक्षा कमी. ते वाचून लोक तिकडे वळतात. पण 35,000 वर 2.7 टक्के म्हणजे 945. कमी वाट्याचा खेळ इथं महाग पडतो.

वेळही मोजा. प्रत्येक स्पिन, म्हणजे स्लॉटचं चक्र एकदा फिरवणं, 1 चा असेल तर 3,500 साठी 3,500 स्पिन. मिनिटाला 10 धरले तरी 350 मिनिटं, म्हणजे जवळपास सहा तास. मुदत सात दिवसांची असेल तर रोज 50 मिनिटं. तीन दिवसांची असेल तर रोज दोन तासांच्या जवळ. एवढा वेळ आणि एवढं मन तुम्हाला यात घालायचं आहे का, हे आत्ताच ठरवा.

फ्री स्पिनचा हिशेब सोपा आहे. 0.10 चे 20 स्पिन म्हणजे एकूण 2 चा खेळ, आकडा 20 दिसला तरी. त्यातून जिंकलेली रक्कम बहुतेकदा बोनस म्हणूनच जमा होते आणि तिच्यावर वेगळी वेजरिंग लागते.

हिशेब जमत नसेल तर बोनस घेऊ नका. बोनसशिवाय खेळणारं खातं फार कमी वेळा अडकतं, कारण कमाल बेट, वगळलेले खेळ, मुदत यातल्या बहुतेक अटी त्याला लागूच होत नाहीत. नको असेल तर पैसे भरण्याच्या पानावर बोनस नको असा पर्याय शोधा. तो नसेल आणि बोनस आपोआप जमा झाला, तर एकही स्पिन न खेळता चॅटवर लिहून तो काढायला सांगा. एक स्पिन झाला की बहुतेक ठिकाणी तुम्ही अटी मान्य केल्या असं धरलं जातं.

## टप्पा 4: खातं आणि ओळख पडताळणी, पैसे भरण्याआधी

नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर. मधलं नाव गाळणं, रोज वापरतो ते छोटं नाव टाकणं, आडनाव आधी की नंतर यात गोंधळ, लग्नानंतर एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर जुनंच राहिलेलं आडनाव, या साध्या गोष्टी पुढे पडताळणीत अडतात. दोन कागदांवर दोन नावं असतील तर आधीच कळवा आणि नाव बदलल्याचा दाखला तयार ठेवा. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटसुलट होत नाहीत ना, तेही बघा. फोन आणि ईमेल स्वतःचेच द्या.

बोनस बहुधा एका माणसाला, एका घराला, एका आयपी पत्त्याला (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाला) आणि एका उपकरणाला एकदाच असतो. घरात नवरा-बायको किंवा दोघे भाऊ एकाच वायफायवरून खेळत असतील तर दुसऱ्यानं बोनस घेण्याआधी चॅटवर लिहून विचारावं. हॉस्टेल किंवा कार्यालयाच्या वायफायवरून खातं उघडूच नका, तिथून आधी कुणी बोनस घेतला आहे ते तुम्हाला कळणार नाही. स्वतःचं जुनं, विसरलेलं खातं असेल तर नवं काढण्याऐवजी तेच सुरू करून घ्या. एकाच कंपनीच्या अनेक साइट असतात आणि काही ठिकाणी त्या सगळ्या मिळून एकच खातं किंवा एकच स्वागत बोनस चालतो. परवान्याच्या नोंदवहीत कंपनीच्या बाकीच्या साइट दिसतात, तेव्हा तिथंच बघून घ्या.

आता कागदपत्रं. साधारण तीन मागतात: फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, गेल्या तीन महिन्यांतलं नाव-पत्त्यासह बिल किंवा बँकेचं पत्रक, आणि ज्या माध्यमानं पैसे भरले ते तुमचंच असल्याचा पुरावा. रक्कम मोठी असेल तर उत्पन्नाचा पुरावाही मागू शकतात.

फोटो काढताना कागद गडद, सपाट टेबलावर ठेवा. चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकवर पांढरा डाग पडतो आणि नेमका जन्मतारखेवर पडतो. खिडकीजवळचा उजेड सगळ्यात चांगला. कार्डाचा फोटो मागितला तर सहसा पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे दिसू द्यायला सांगतात. मधले आकडे कागदाच्या पट्टीनं झाका, मागच्या बाजूचा सुरक्षा क्रमांक नेहमी झाका. झाकायला फोटो संपादनाचं अॅप वापरू नका. बँकेचं पीडीएफ जसं डाउनलोड झालं तसंच पाठवा. ते उघडून, कापून, पुन्हा जतन केलं की फाइलमध्ये बदलाची खूण राहते आणि खरा कागदही बनावट वाटू शकतो.

ब्रिटनमध्ये 7 मे 2019 पासून वय आणि ओळख पडताळल्याशिवाय खेळूच देता येत नाही. इतरत्र बऱ्याच साइट हे पैसे काढेपर्यंत लांबवतात. तुम्ही लांबवू नका. खात्यात कागदपत्रं चढवायची सोय असेल तर आधीच चढवा. ती दिसत नसेल तर चॅटवर विनंती करा. पडताळणी झाल्याचा ईमेल हातात आला की पुढे जा.

सावधान: दुसऱ्याचं कार्ड, दुसऱ्याचं बँक खातं, उसनं ओळखपत्र, मित्राच्या नावानं आणखी एक बोनस, हे काहीही करू नका. बायकोचं कार्ड तिच्या संमतीनं वापरलं तरी नियमाच्या लेखी ते परक्याचंच माध्यम असतं.

## टप्पा 5: पैसे भरणं

आता दुसऱ्या टप्प्यातला कागद समोर घ्या आणि त्याच क्रमानं जा.

1. खात्यात रोजची आणि महिन्याची भरण्याची मर्यादा लावा. गमावले तर घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच. ही मर्यादा पहिल्या भरण्याच्या आधी लागते, हरल्यानंतर ती लावायला मन तयार नसतं.
2. माध्यम चालतं का बघा. स्क्रिल आणि नेटेलर यांसारखी ई-वॉलेट अनेक ठिकाणी बोनसमधून वगळलेली असतात. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डानं जुगार खेळायला 14 एप्रिल 2020 पासून बंदीच आहे.
3. कोड टाका किंवा टिक करा, मग रक्कम भरा. उलटं केलं तर बोनस येत नाही आणि नंतर जोडून मिळेल याची खात्री नसते.
4. किमान रक्कम एकाच वेळी भरा. किमान 20 असेल तर 10 आणि 10 असे दोनदा भरलेले चालत नाहीत.
5. थांबा. शिल्लक पान उघडा. खरी रक्कम, बोनस रक्कम आणि बाकी वेजरिंग असे तीन आकडे तिथं दिसले पाहिजेत, आणि वेजरिंगचा आकडा तुम्ही काढलेल्या हिशेबाशी जुळला पाहिजे.

तुमच्या कागदावर 3,500 आहे आणि स्क्रीनवर 7,000 दिसतंय, तर खेळ सुरू करू नका. स्क्रीनशॉट काढा, चॅटवर विचारा. या क्षणी बोनस रद्द करून पैसे परत घेता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

## टप्पा 6: बोनस चालू असताना खेळणं

खाती खरी मोडतात ती इथं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कमाल बेट. अनेक ठिकाणी बोनस चालू असताना एका स्पिनला 5 च्या आसपासची मर्यादा असते. बहुतेक साइटचा खेळ तुम्हाला त्यापुढे जाण्यापासून अडवत नाही. बेट स्वीकारली जाते, निकाल लागतो, आणि नोंद मागे राहते. माझ्या बाबतीत हे एकदा घडलं. फोनवर स्पिनच्या बटणाशेजारीच रक्कम वाढवायचं अधिक चिन्ह होतं. बेटच्या यादीत ओळीनं 4, 4, 4, मग एक 8, मग पुन्हा 4. ती 8 ची बेट मी हरलो होतो, तरी त्या बोनसवर नंतर जिंकलेलं सगळं रद्द झालं, कारण अटीत एकही बेट असंच लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी मर्यादेच्या निम्म्यावर बेट ठेवतो आणि फोनऐवजी मोठ्या स्क्रीनवर खेळतो.

मर्यादा नकळत ओलांडायला लावणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. स्लॉटमध्ये बोनस फेरी (खेळातलीच एक खास फेरी, कॅसिनोच्या बोनसशी तिचा संबंध नाही) थेट विकत घ्यायचं बटण असतं आणि तिची किंमत अनेक खेळांत बेटच्या 100 पट असते. 0.50 च्या बेटवर ती एका क्लिकला 50 होते, आणि ती एकच बेट मानली जाते. दुसरी, जिंकल्यावर रक्कम दुप्पट करायचा लाल-काळा पत्त्यांचा खेळ. त्यात लावलेली रक्कमही काही ठिकाणी स्वतंत्र बेट धरतात. दोन्ही बटणांना हात लावू नका.

वगळलेले खेळ. शून्य टक्के मोजला जाणारा खेळ आणि मनाई असलेला खेळ यात फरक आहे. पहिल्यात फक्त तुमची वेजरिंग पुढे सरकत नाही, दुसऱ्यात जिंकलेली रक्कम जाते. यादी लांबलचक असते आणि खेळाची नावं एकमेकांसारखी असतात. म्हणून यादीत नसलेले दोन-तीन स्लॉट आधीच निवडा, त्यांची नावं पूर्ण लिहून घ्या आणि वेजरिंग संपेपर्यंत तेवढेच खेळा.

संशयास्पद मानली जाणारी पद्धत. रूलेटमध्ये लाल आणि काळा दोन्हींवर एकदम लावणं, किंवा टेबलाचा बहुतेक भाग झाकून धोका जवळजवळ शून्य करणं. मोठ्या बेट लावून शिल्लक वाढवायची आणि मग अगदी लहान बेटवर वेजरिंग संपवायची. स्लॉटमधली फ्री स्पिनची फेरी उघडून ती न खेळता सोडायची आणि बोनस संपल्यावर परत येऊन खेळायची. या प्रत्येकाला अटींमध्ये गैरवापराच्या कलमाखाली जागा असते. शेवटची गोष्ट प्रामाणिकपणेही होऊ शकते, इंटरनेट तुटलं आणि फेरी अर्धी राहिली तर. तसं झालं तर वेळ नोंदवा, चॅटवर लगेच कळवा आणि बोनस चालू असतानाच ती फेरी पुरी करा.

मध्येच पैसे काढणं किंवा दुसरा बोनस घेणं. वेजरिंग पूर्ण होण्याआधी पैसे काढायची विनंती केली की बोनस आणि त्यातून जिंकलेली रक्कम सहसा लगेच जाते. एक बोनस चालू असताना दुसरा घेतला तर दोघांच्या अटी एकमेकांत गुंततात. ईमेलवर येणाऱ्या ऑफर तेवढ्या दिवसांपुरत्या बंद करा.

दर बैठकीनंतर बाकी वेजरिंगचा आकडा आणि शिल्लक वहीत लिहा. आणि शिल्लक संपली, वेजरिंग बाकी आहे, तर तो बोनस संपला असं माना. अडकलेला बोनस सोडवण्यासाठी आणखी पैसे भरणं, यात लोकांचं जेवढं नुकसान होतं तेवढं रद्द झालेल्या बोनसांनीही होत नसेल. मन तिकडे ओढत असेल तर खात्यातल्या सोयीनं त्या दिवसापुरतं खातं बंद करा आणि घरच्या कुणाशी तरी बोला.

## टप्पा 7: पैसे काढणं

वेजरिंग शून्यावर आली की खेळ थांबवा. शिल्लक पान उघडा, बोनसची रक्कम खऱ्या शिल्लकीत आली आहे का ते बघा आणि स्क्रीनशॉट काढा. त्यानंतर बेटचा पूर्ण इतिहास डाउनलोड करा. हे आत्ताच करायचं, कारण खातं गोठवलं गेलं की आत जाता येत नाही आणि इतिहास त्यांच्याकडेच राहतो.

ज्या माध्यमानं भरले त्याच माध्यमानं काढा. विनंती केली की प्रलंबित काळात ती मागे घेऊन पुन्हा खेळायची सोय काही साइटवर असते. ती वापरू नका. त्याच काळात मोबाइल नंबर, पत्ता किंवा बँक खातंही बदलू नका, बदललेला तपशील म्हणजे पुन्हा नवी पडताळणी.

जादा कागदपत्रं मागितली तर मुदतीत आणि एकदमच द्या. एक आज, एक चार दिवसांनी असं केलं की प्रत्येक वेळी तुमची फाइल रांगेच्या शेवटी जाऊ शकते.

सावधान: उशीर झाला म्हणून बँकेकडे जाऊन भरलेली रक्कम परत मागण्याचा दावा घाईनं करू नका. असा दावा आला की बहुतेक कॅसिनो खातं त्याच क्षणी बंद करतात आणि तुमची बाजू बरोबर असली तरी चर्चा थांबते. कार्ड चोरीला गेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बँकेलाच आधी कळवायचं.

## टप्पा 8: तरीही अडकलं तर

चॅटवर भांडू नका. दुसरं खातंही उघडू नका, त्यानं तुमच्याविरुद्ध आणखी एक कलम मिळतं. लेखी, शांत ईमेल पाठवा. नेमकं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर द्यावं लागतं:

"माझ्या खात्यातील अमुक रक्कम अमुक तारखेला रद्द झाली. कृपया पुढील माहिती द्यावी: अटींमधील कोणत्या कलमाचा भंग झाला, कोणत्या बेटमुळे झाला, त्या बेटची तारीख, वेळ, रक्कम आणि फेरी क्रमांक. बोनस स्वीकारल्याच्या दिवशीच्या अटींची प्रत सोबत जोडली आहे. हा ईमेल औपचारिक तक्रार म्हणून नोंदवावा."

शेवटचं वाक्य गाळू नका. ब्रिटनमध्ये तक्रार नोंदवल्यापासून कंपनीला आठ आठवडे मिळतात. तोवर निकाल लागला नाही, किंवा आता आमचं म्हणणं हेच असं कंपनीनं लेखी कळवलं, की तुम्ही स्वतंत्र तंटा निवारण संस्थेकडे जाऊ शकता आणि ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत. आयबास ही अशी एक संस्था. कोणत्या संस्थेकडे जायचं ते कंपनीच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं. माल्टाच्या परवानाधारकांनाही अशी संस्था नेमावी लागते.

उत्तर आलं की ते फेरी क्रमांक डाउनलोड केलेल्या इतिहासात शोधा. बेट खरोखर मर्यादेबाहेर होती असं दिसलं, तर जिंकलेल्या रकमेसाठी लढण्यात वेळ घालवू नका. पण तुम्ही स्वतः भरलेल्या पैशांचा प्रश्न वेगळा आहे. अनेक ठिकाणच्या अटींत फक्त बोनस आणि त्यातून आलेली रक्कम रद्द होते असं लिहिलेलं असतं, भरलेल्या रकमेबद्दल काहीच नसतं. ते कलम उद्धृत करून भरलेले पैसे परत मागा. आणि बेट मर्यादेत होती, खेळ यादीत नव्हता असं दिसलं, तर तो इतिहास, त्या दिवशीच्या अटी, चॅटची प्रत आणि पडताळणीचा ईमेल असे चारही कागद तारखेच्या क्रमानं लावून एकाच फाइलमध्ये तंटा निवारण संस्थेकडे पाठवा.